मथुराबाईंचा 'हॅव'

मथुराबाई सापाला भीत नसत. एका पावसाळ्यात पहिलीच्या वर्गात फुरसं निघालं. शाळेचे हेडमास्तर हरिश्चंद्र गुरुजी तेव्हा खुर्चीवर चढून उभे राहिले होते. बाईंनी मुलांना व्हरांड्यात काढलं, लांब काठीने ते जनावर पत्र्याच्या डब्यात लोटलं, वर एक पाटी झाकली आणि बांधापलीकडे टाकून आल्या. मग हात धुतले आणि फळ्यावरचा अर्धा राहिलेला 'ट' पुरा केला.

त्याच बाई पुढे एका इंग्रजी शब्दाला इतक्या भ्यायल्या की घशाखाली घास उतरेना. ते मी जवळून पाहिलं. माझ्या रोजच्या वहीत पानाच्या डोक्यावर 'श्री', मग तिथी-वार, मग काय शिजवलं ते. त्या सहा महिन्यांत मात्र बहुतेक पानांच्या तळाशी बाई आहेत. त्यावरून हे लिहिते आहे.

आमची वाडी मिरजोळ्याला लागून. कारखान्यांचे ट्रक खालच्या रस्त्याने जातात, वरच्या अंगाला शाळा. दोन खोल्या, पहिली ते चौथी. बाई इथे आल्या त्या साली मी या घरात सून म्हणून आले. तेव्हापासून सव्वीस वर्षं त्यांच्याकडे पहिलीच. दोन-तीनदा त्यांना चौथी देऊ केली, त्यांनी नाही म्हटलं. "चौथीतली मुलं शहाणी झालेली असतात हो. मला रडणारीच बरी वाटतात," असं म्हणत. त्यांना स्वतःला मूल झालं नाही. यजमान श्रीपतराव मुंबईला छापखान्यात. गणपतीला आणि शिमग्याला येत, एरवी घरात बाई एकट्या. आमच्या लेकीचा, अवनीचा 'अ' त्यांनीच गिरवून घेतलेला.

सन २००० च्या जूनला इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं. शिक्षकांना तीन दिवस शहरात बोलावून शिकवणी दिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई घरी न जाता थेट आमच्या पडवीत येऊन बसल्या. पर्स मांडीवर घट्ट धरलेली.

"उमावहिनी, पाणी द्या."

पाणी दिलं.

"माझी पहिली जाणार," त्या म्हणाल्या.

शिक्षण खात्याच्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की दिवाळीनंतर प्रत्येक शाळेत येऊन इंग्रजीचा पाठ बघणार. ज्यांना जमत नसेल त्यांनी आत्ताच तसं लिहून द्यावं, म्हणजे पहिलीचा वर्ग दुसऱ्याकडे देता येईल. साहेब रागावून बोलले नव्हते. साधं बोलले, म्हणूनच बाईंना जास्त भीती बसली.

त्यांची इंग्रजीशी ओळखच मुळात वाईट झाली होती. आठवीत असताना मास्तरांनी धडा वाचायला उभं केलं. बाईंना पहिला शब्द येईना. मास्तर म्हणाले, येईल तेव्हा बस. तास संपेपर्यंत त्या उभ्या होत्या, आणि घंटा झाल्यावर मास्तर त्यांना बसवायला विसरून निघून गेले. त्यांनी इंग्रजीच सोडली. त्या काळी इंग्रजीशिवाय मॅट्रिक होता येई. त्या झाल्या, शिक्षिकाही झाल्या, आणि एवढ्या वर्षांनी तो तास पुन्हा सुरू झाला.

अवनी तेव्हा बारावीला होती. तिने आतून सगळं ऐकलं होतं. बाहेर येऊन म्हणाली, "बाई, मला 'अ' यायला किती दिवस लागले?"

"तुला आठ. तू त्याची शेपटी उलटीकडे काढायचीस."

"मग तुम्हाला आठ महिने देते. उद्यापासून या. छडी मात्र मी घेणार."

"घे गो," बाई म्हणाल्या. हसल्या नाहीत.

रोज दिवेलागणीच्या आधी पडवीत शिकवणी होई. मी तांदूळ निवडत किंवा फुलवाती वळत बसे. बाईंना मिळालेल्या पुस्तिकेत पहिलं वाक्य होतं 'आय हॅव अ बॉल'. तिथेच गाडी अडली ती पुढे जाईना. अवनीने कागदावर मराठी एका बाजूला आणि इंग्रजी दुसऱ्या बाजूला लिहून दिलं. माझ्याकडे छत्री आहे. मला ताप आहे. मला एक भाऊ आहे. आमच्या घराला दोन दारं आहेत. पलीकडे सगळीकडे तोच एक हॅव, नाहीतर त्याचा भाऊ हॅज.

बाईंनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. "छत्री माझ्याकडे. ताप मला. दारं घराला. आपण प्रत्येकाला वेगळं विचारतो, बाबा तुझं कसं. आणि यांचं सगळं एकाच मुठीत?"

"एकाच मुठीत."

"ताप कुणी मुठीत धरतं का?"

"इंग्रज धरतात."

हे मला पटलं. आपण 'माझ्याजवळ आहे' म्हणतो, म्हणजे ती वस्तू आपली होऊन आपल्याशेजारी येऊन बसलेली. देवाने दिली तोवर बसेल, मग उठून जाईल. त्यांच्यात माणूसच तिला धरून ठेवतो. मी हे बोलले तर अवनी म्हणाली, "आई, तू फुलवाती वळ."

दुसऱ्या आठवड्यात पुस्तिकेतल्या नमुन्यात एक वाक्य आलं, 'आय हॅव टू सन्स'. अवनीने ते अर्धं वाचलं आणि पान उलटलं. बाईंनी हात लावून पान परत आधीच्या जागी आणलं. "वाच ना," म्हणाल्या, "वाक्य आहे." अवनीने वाचलं. बाईंनी मागून म्हटलं. एवढंच झालं.

वातावरण हलकं करायला अवनी म्हणाली, "बरं, नवऱ्यावर करा एक."

"आय हॅव... काय ते, हजबंड. पण ते तर मुंबईला. जवळ नसताना हॅव कसं?"

"असतं बाई. मुंबईला असले तरी हॅव."

"हे मात्र बरं आहे," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं.

पण हॅव नुसत्या असण्यावर थांबेना. चहा पिणं म्हणजे 'हॅव टी'. जावं लागतंय म्हणजे 'हॅव टू गो'. जेवून झालंय म्हणजे 'हॅव ईटन', तिथे तर काही जवळ असण्याचा संबंधच नाही, फक्त झालेलं काम पाठीशी उभं. अवनी उत्साहात लिहीत सुटली होती. बाईंची पेन्सिल थांबली.

"अवनी, हा किती ठिकाणी आहे गो?"

"खूप."

"एवढ्या ठिकाणी जो सापडतो, त्याला ओळखायचं कसं? मी मुलांसमोर म्हणेन एक आणि असेल दुसरंच."

"पहिलीच्या मुलांना एवढं नाही शिकवायचं बाई. बॉल, नाक, फूल, बस. जेवढं हाती धरता येतं तेवढं."

"मुलांचं नाही म्हणत. माझं म्हणतेय."

पावसाळ्यानंतर भीती अंगावर दिसायला लागली. वहीत नोंद आहे, 'बाई फाटकापर्यंत येऊन परत गेल्या.' दोन दिवसांनी, 'बाईंनी भाकरी तशीच बांधून परत आणली.' मराठीचा, गणिताचा तास नीट चाले. इंग्रजीची वेळ आली की तळहातांना घाम सुटे, इतका की खडू ओला होई. रिक्षावाला आत्माराम वाडीतल्या चार मुलांना शहरातल्या इंग्रजी शाळेत नेई. तो रस्त्यातून जाताना ओरडे, "बाई, काय म्हणते इंग्रजी? ए फॉर आंबा?" तो त्यांचाच विद्यार्थी. बाई त्याला फक्त म्हणत, "हळू चालव रे."

डिसेंबरात कागद आला. चौदा तारीख, गुरुवार, सकाळी अकरा. पाठाचा विषय 'आय हॅव'.

सोमवारी बाई आल्या आणि पर्समधून घडी काढून माझ्या हातात दिली. अर्ज होता. 'मला इंग्रजी विषय शिकवणे जमत नसल्यामुळे पहिलीचा वर्ग अन्य शिक्षकांकडे देण्यात यावा.' खाली सही. अक्षर असं सुंदर की प्रत्येक वेलांटी मापून काढल्यासारखी. त्या अक्षरावर आमची वाडी लिहायला शिकली आहे.

"अवनीला सांगू नका," बाई म्हणाल्या. "एवढी शिकवते पोर."

मी अडचणीत असले की एकच करते. म्हटलं, "बाई, देवीला विचारू या. उद्या मंगळवार आहे."

खरं सांगायचं तर कौल त्यांच्या मनासारखा पडावा, देवीने 'दे लिहून' म्हणावं आणि बाई सुटाव्यात, असं मला वाटत होतं. वर्ग गेला तर माणूस रडेल आणि सावरेल. त्या भीतीने बाई दिवसेंदिवस खंगत होत्या ते बघवत नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी देवळात आरतीला पाच-पंचवीस माणसं होती. प्रसादासाठी शाळेतली बरीच मुलं. विठू गुरवाची नात तेजस्वी, पहिलीतलीच, पाण्याचा गडू धरून आजोबांच्या बाजूला उभी. आरती झाल्यावर विठूने देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग त्याने हात जोडून गाऱ्हाणं घातलं. आवाज खाली नेऊन, शेवटचा शब्द लांबवत.

"बा देवी म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ही तुजी लेक मथुरा, सव्वीस वर्सां तुज्या पोरांना शिकवतेय. आज तिच्यावर इंग्रजीचा फेरा आलाय म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"तर तिनं लिवून देवन मोकळं व्हावं, असं तुज्या मनात असंल तर उजवा दे. नसंल तर डावा दे. आन् जो कोण सायेब येनार हाय, त्याची बुद्दी शांत ठेव म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," आणि मुलांचा आवाज सगळ्यांत मोठा, कारण मुलांना गाऱ्हाण्यात तेवढंच म्हणायचं असतं आणि ते त्यांना फार आवडतं.

बराच वेळ एकही पाकळी हलली नाही. विठूने पुन्हा विचारलं. मग डावी पाकळी सुटली, देवीच्या पदरावरून घरंगळत खाली आली.

"डावा," विठू म्हणाला. "नको म्हनते."

त्याने ती पाकळी बाईंच्या हातावर ठेवली. बाई बाहेर येऊन पायरीवर बसल्या. "वहिनी," त्या म्हणाल्या, "आता देवीनेपण धरून ठेवलं. सुटायची वाटच नाही राहिली." मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांना इथे मी आणलं होतं. त्यांची भीती दुप्पट करून परत दिली होती मी. त्या दिवशीच्या पानावर भाजीची नोंद नाही.

गुरुवार मार्गशीर्षातला, माझा उपास. घट मांडून, पूजा करून मी शाळेत गेले. गावच्या शिक्षण समितीत बाईमाणूस पाहिजे म्हणून माझं नाव घातलेलं होतं, त्यामुळे मला मागच्या बाकावर जागा होती. शेजारी हरिश्चंद्र गुरुजी, आणि खिडकीजवळ खुर्चीत साहेब. साहेब कोल्हापूरकडचे, इथे नवीन आलेले. मांडीवर शाळेचं शेरेबुक, म्हणजे भेटीला आलेला अधिकारी ज्यात आपलं मत लिहितो ते.

बाईंनी परडी आणली होती. तीत जास्वंदीचं फूल, पाटी, सुपारी, एक चेंडू. ठरलं असं होतं की एकेक वस्तू उचलायची, वाक्य म्हणायचं आणि मुलांनी मागून म्हणायचं. घरी पन्नास वेळा झालं होतं.

बाईंनी फूल उचललं. "आय हॅव अ फ्लॉवर."

आवाज इतका बारीक की बावीसच्या बावीस मुलं नुसती बघत राहिली. नवीन माणूस वर्गात असल्यामुळे तीही घाबरलेली होती. बाईंनी वाट पाहिली. मुलांनी वाट पाहिली. खालून एक ट्रक गेला त्याचा घरघराट सगळा ऐकू आला. बाईंचा डावा हात पर्सवर गेला. त्या पर्समध्ये अर्ज होता हे मला ठाऊक होतं. गुरुजींनाही ठाऊक असावं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी मनात देवीला म्हटलं, तू डावा दिलास, आता तू बघ.

बाईंची नजर हातातल्या फुलावर खिळली होती. त्यांना बहुधा पुढचं काहीच आठवत नव्हतं. त्यांनी तेच वाक्य परत म्हटलं, पण या वेळी आवाज वर निघालाच नाही. तो खाली गेला, खोल, आणि शेवटचा शब्द लांबला.

"आय हॅव अ फ्लॉवर..."

"व्हय म्हाराजा," तेजस्वी म्हणाली.

आणि मग सगळा वर्ग, बावीस मुलं, देवळातल्यासारखी हात जोडून, "व्हय म्हाराजा."

गुरुजींनी कपाळावर हात मारला. साहेब खुर्चीतून पुढे वाकले. "थांबा. हे काय चाललंय?"

गुरुजी अर्धवट उठले. "साहेब, ते देवळातलं..."

"मी बाईंना विचारतोय."

बाईंनी फूल परडीत ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं, ते मला अजून टोचतं.

"साहेब, देवीपुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा सगळे असं म्हणतात," बाई म्हणाल्या. "मंगळवारी तुमच्यासाठी गाऱ्हाणं घातलं होतं. त्यात ही मुलं होती."

"माझ्यासाठी?"

"तुमच्या भीतीपोटी."

साहेबांनी शेरेबुक मिटलं. मग म्हणाले, "मग काय म्हणाली देवी?"

"डावा कौल दिला."

"म्हणजे?"

"म्हणजे पाठ घ्यावा लागला."

साहेबांनी पेन टोपणात घातलं. हसले की नाही ते मला मागून दिसलं नाही. "घ्या मग पुढे," म्हणाले.

बाईंनी नाकाला हात लावला. आवाज तोच, खालचा. "आय हॅव अ नोज..."

"व्हय म्हाराजा."

मग त्यांनी तेजस्वीला पुढे बोलावलं आणि चेंडू तिच्या हातात दिला. गुरवाच्या घरची पोर ती, आजोबांसारखे डोळे मिटून, मान डोलावत म्हणाली, "आय हॅव अ बॉल म्हाराजा." वर्ग म्हणाला, व्हय. दुसऱ्याला सुपारी दिली. त्याला सुपारीचं इंग्रजी येईना, तो 'आय हॅव सुपारी' म्हणाला. वस्तू संपल्या तरी मुलं थांबेनात. हात वर करून स्वतःचंच सांगू लागली. आय हॅव मांजर. आय हॅव आजी. एकजण म्हणाला, "आय हॅव बाबा मुंबई." बाई त्याच्याजवळ गेल्या. "आय हॅव अ फादर," त्यांनी हळू सांगितलं. "मुंबईला असले तरी." त्याने तसं म्हटलं, आणि वर्गाने त्याला होकार दिला.

सगळ्यांचं झाल्यावर तेजस्वी म्हणाली, "बाई, तुमचं राह्यलं."

"माझं झालं की. फूल."

"ते परडीतलं. तुमचं सांगा."

बाई रिकाम्या हातांनी उभ्या. साहेब बघत होते. मला वाटलं आता परत सगळं अडलं.

"आय हॅव," बाई म्हणाल्या. "आय हॅव पहिली."

"व्हय म्हाराजा." या वेळी गुरुजीसुद्धा म्हणाले. मी तर म्हणालेच.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं ते गुरुजींनी नंतर मला दाखवलं. 'मुले न घाबरता बोलतात. उच्चारांकडे लक्ष द्यावे. महाराजा बंद करावे. वर्ग सध्या यांच्याकडेच ठेवावा.' जाताना दारात थांबून त्यांनी बाईंना विचारलं, "हेडमास्तर म्हणत होते, काही लिहून आणलंय तुम्ही."

"आणलंय साहेब."

"तुमच्याकडेच राहू द्या."

संध्याकाळी घट हलवायच्या आधी मी बाईंना जेवायला बोलावलं. कित्येक दिवसांनी त्यांनी पोटभर खाल्लं, तांदळाची खीर दोनदा घेतली. अवनी त्यांच्यापुढे छडीसारखी रवी नाचवत म्हणाली, "फ्लॉवरला जीभ वर लावायची होती बाई, विसरलात." बाई हसल्या. मग एकदम वाटी खाली ठेवली.

"सध्या लिहिलंय ना त्यांनी? सध्या म्हणजे मार्चपर्यंत असेल का हो वहिनी?"

भीती गेली नव्हती. ती पुढेही गेली नाही. आज सहा वर्षं झाली, साहेब बदलले, पुस्तकं बदलली, पण जूनच्या पहिल्या दिवशी बाई आमच्या फाटकाशी क्षणभर थांबतात, पर्स चाचपतात आणि मग वर जातात. तो अर्ज त्यात आहे, आणि त्याच्या घडीत ती वाळलेली पाकळी. पहिली अजून त्यांच्याकडेच आहे.

महाराजा बंद करायला सांगितलं होतं, ते मुलांनी ऐकलं आहे, म्हणजे मोठ्याने म्हणत नाहीत. मी सकाळी देवीला फुलं घेऊन शाळेवरून जाते. आतून बाईंचा आवाज येतो, खालचा, लांबवलेला, आय हॅव अ अमुक, आय हॅव अ तमुक. मागोमाग मुलांचं वाक्य येतं, आणि त्याच्याही मागे एक पुटपुट, पावसाची सर दुरून यावी तशी. मी खिडकीबाहेर थांबते आणि त्यांच्याबरोबर म्हणते.